बाबांच्या क्लेमसाठी वकील शोधताना

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल काल रात्री वाचला. बाबांसाठी वकील कसा शोधायचा, असं विचारलंस. सोशल सिक्युरिटी या अमेरिकेच्या सरकारी खात्यानं बाबांचा डिसॅबिलिटीचा, म्हणजे आजारामुळे काम करता न येणाऱ्यांना मिळणाऱ्या मदतीचा, अर्ज नाकारला, त्या पत्राचा फोटो पाठवलास. त्यात मी आधी नकाराचं कारण नाही वाचलं, वरची तारीख पाहिली. अपील करायला अजून एकोणचाळीस दिवस हातात आहेत. बाबांना म्हणावं, धीर सोडू नका. अमेरिकेत डिसॅबिलिटीच्या पहिल्या अर्जाला बहुतेकांना नकारच येतो.

पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करायचं असतं. पत्रावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी ते मिळालं असं धरतात, म्हणून लोक ६५ दिवस म्हणतात. तू ६० च धर. आणि कुणी कितीही सांगितलं तरी नवा अर्ज भरू नकोस. तुझ्या काकांच्या वेळी मी तीच चूक केली. वाटलं, पहिल्या अर्जात काहीतरी राहिलं असेल, पुन्हा नीट भरू. आठ महिन्यांनी कळलं की थकबाकी, म्हणजे मागच्या महिन्यांचे आपल्याला मिळायचे पैसे, मोजताना अर्जाची तारीख धरतात, अर्जाच्या मागे फार तर १२ महिने जातात, आणि पहिली तारीख मी माझ्या हातानं घालवली होती. ते पैसे परत आले नाहीत.

बाबांच्या बाबतीत आणखी एक तारीख आहे. एसएसडीआय, म्हणजे नोकरीत कर भरून मिळवलेल्या विम्यातली डिसॅबिलिटीची मदत, मिळायला साधारण शेवटच्या १० वर्षांतली ५ वर्षं काम करून कर भरलेला असावा लागतो. काम थांबलं की या विम्याचं संरक्षणही काही वर्षांनी संपतं. बाबांनी वेअरहाउस सोडून दोन वर्षं झाली. त्यांचा इन्शुअर्ड असण्याचा शेवटचा दिवस कोणता, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचार. ज्याला हा प्रश्न ऐकून फाइल उघडावीशी वाटत नाही, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस.

आता पैशाचं. तू लिहिलंस की आईनं दागिन्यांचा विषय काढला. तिला आजच सांग, त्याची काही गरज नाही. या कामात वकिलाची फी केस जिंकल्यावर, थकबाकीतून जाते. थकबाकीच्या २५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यातलं जे कमी असेल ते. ही कमाल मर्यादा ३० नोव्हेंबर २०२४ पासून ९,२०० डॉलर झाली, त्याआधी ७,२०० होती. थकबाकी २०,००० डॉलर निघाली तर वकिलाला ५,०००. ६०,००० निघाली तर पाव हिस्सा १५,००० होतो, पण या मर्यादेत त्याला ९,२०० च मिळतात. पुढे दर महिन्याला येणाऱ्या पैशात त्याचा वाटा नसतो. केस हरली तर या कराराखाली फी नाही. सोशल सिक्युरिटीच्या मंजुरीशिवाय त्याला फी खिशात घालता येत नाही, आणि बहुधा ते लोकच फी कापून परस्पर त्याला देतात. मात्र हॉस्पिटलचे रेकॉर्ड मागवायचा खर्च वेगळा असतो. तो हरल्यावरही द्यायचा का, हे करारावर सही करण्याआधी विचारून घे.

वकील कसा निवडायचा, हा तुझा खरा प्रश्न. आमचा पहिला अनुभव वाईट होता. मोठं ऑफिस, जाहिराती जोरात. आमची वकिलाशी कधी भेटच झाली नाही. प्रत्येक फोनला नवा माणूस, आणि प्रत्येकाला काकांचं ऑपरेशन पहिल्यापासून सांगायचं. चार महिन्यांत त्यांनी एकही नवा कागद मागवला नव्हता.

दुसऱ्या वकील बाई लहानशा ऑफिसात बसायच्या. त्यांनी काकांना समोर बसवलं आणि आजाराचं नावही न विचारता सकाळपासूनचा दिवस विचारायला सुरुवात केली. अंथरुणातून उठता कसे, मोजे कोण घालतं, अंघोळीला स्टूल लागतं का, आठवड्यातून किती वेळा दुपारी आडवं व्हावं लागतं. मध्येच काका टेबलाला हात टेकून उभे राहिले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही अकराव्या मिनिटाला उठलात. हे तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे?" माहीत नव्हतं. काका दर भेटीत डॉक्टरांना "ठीक आहे" म्हणायचे. आपल्याकडच्या माणसांना दुखणं सांगायला लाज वाटते. आणि डॉक्टरांच्या नोंदीत दर वेळी तेच उतरत गेलं, पेशंट ठीक आहे. नकाराच्या पत्रात त्याच नोंदीचा आधार होता.

मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच. मणक्याचा आजार आहे हे बाबांच्या एमआरआयमध्ये दिसतंच, त्यावर कुणाचा वाद नाही. प्रश्न असा असतो की हा माणूस आठ तास, आठवड्याचे पाच दिवस, कुठलंही काम करू शकेल का, आणि ही अवस्था किमान १२ महिने टिकणार आहे का. तिथे अर्धवट डिसॅबिलिटी अशी गोष्टच नाही. चांगला वकील डॉक्टरांकडून कागदावर आणतो की बाबा किती मिनिटं बसू शकतात, किती पौंड उचलू शकतात, महिन्यातले किती दिवस बाद होतील. जो वकील हे विचारतो, तो आपला.

जो म्हणतो, "जरा वाढवून सांगा," त्याच्या दारात उभं राहू नकोस. खात्री देणाऱ्याकडेही नको. वकील नसलेले प्रतिनिधीही हे काम करतात आणि त्यातले काही उत्तम असतात, पण केस फेडरल कोर्टापर्यंत गेली तर वकीलच लागतो. तिथे तो येईल का, फी वेगळी का, हे आधी बोलून घे. तिथवर वेळ येते ती फेरतपासणी, न्यायाधीशापुढची सुनावणी आणि अपील्स कौन्सिल (सोशल सिक्युरिटीचंच वरचं अपील मंडळ) या तीन पायऱ्या चढून. आमचं काम सुनावणीतच झालं.

त्या सुनावणीतला एक क्षण सांगते. नोकऱ्यांची माहिती देणारा एक तज्ज्ञ असतो. न्यायाधीशांनी त्याला एका कल्पित माणसाचं वर्णन केलं, वय इतकं, वजन इतकं उचलतो, आणि त्यानं तीन नोकऱ्या सांगितल्या. माझे हातपाय गार पडले. मग आमच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, याच माणसाला दर तासाला दहा मिनिटं आडवं व्हावं लागलं तर? तो म्हणाला, मग अशी नोकरी नाही. त्या दहा मिनिटांचा कागद डॉक्टरांच्या सहीनं फाइलमध्ये होता, म्हणून तो प्रश्न टिकला. असे कागद सुनावणीच्या किमान पाच कामाच्या दिवसांआधी द्यावे लागतात.

बाबांचं इंग्रजी मोडकं आहे म्हणून सवलत मिळेल, असं कुणी सांगितलं असेल तर तो नियम एप्रिल २०२० मध्ये गेला. मला तो बदल अन्यायाचा वाटतो. पण ते ५३ वर्षांचे आहेत, आणि पन्नाशीनंतर नियम थोडे सैल होतात. बसून करायचंच काम जमेल असं ठरलं आणि जुन्या कामातलं कौशल्य तिथे उपयोगाचं नसलं, तर मंजुरीची शक्यता बरीच वाढते. वेअरहाउसात ते नेमकं काय उचलत होते, किती वेळा, हे तपशिलात लिहा.

आणि सुनावणीत दुभाषा तू होऊ नकोस. सोशल सिक्युरिटी मोफत दुभाषा देते, मराठीचा मागा. रात्री बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागतं, हे बाबा तुझ्या तोंडून सांगू देणार नाहीत. तुझ्यासमोर ते "ठीक आहे"च म्हणतील.

शुक्रवारी संध्याकाळी फोन करते. तोवर एक वही घे. बाबा किती वाजता उठले, किती वेळ बसले, कधी आडवे झाले, कुठल्या गोळीनं गुंगी आली, रोज दोन ओळी. तारीख विसरू नकोस. आणि नकाराचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीट सापडलं तर जपून ठेव, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो.

आईला नमस्कार.

तुझी काकू