आधी ‘गाभ्रीचा पाऊस’ पाहा

तुम्ही पहिला लघुपट करण्यापूर्वी कोणते चित्रपट पाहावेत, असे विचारले आहे. यादी लांबवण्यापेक्षा सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) तीनदा पाहा, असे मी सुचवेन. आपल्याच विदर्भातील कापूसकरी शेतकऱ्याची ही गोष्ट. नवरा जिवाचे बरेवाईट करील या धास्तीने बायको त्याच्यावर पाळत ठेवते, आणि त्या पाळतीतून मनवर चक्क विनोद काढतात. दुःखाला हसू जोडण्याचे हे धाडस आपल्याकडच्या लघुपटांत क्वचितच दिसते.

त्यानंतर सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (1955) पाहा. पैशांअभावी त्याचे चित्रीकरण वारंवार थांबले, आणि छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी त्याआधी सिनेमाचा कॅमेरा कधीच चालवला नव्हता. पाहताना एकदा आवाज बंद ठेवा, एकदा डोळे मिटून केवळ ऐका.

ऐकण्याबाबत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पऱ्हाटीच्या वावरात भर दुपारी केलेल्या चित्रीकरणात कॅमेऱ्यावरच्या माइकने फक्त वारा टिपला, आणि वेचणी करणाऱ्या बायांचे अस्सल वऱ्हाडी बोलणे कायमचे गेले. म्हणून भाड्याचा मोठा कॅमेरा घेऊ नका. त्या पैशांत वेगळा माइक घ्या.