अळ्या काचेवर का चढल्या?

प्रश्न : फळमाशीच्या अळ्या मी दोन बाटल्यांत वाढवल्या. एकीत यीस्ट भरपूर. दुसरीत यीस्ट कमी, साखर जास्त. पहिलीतले कोश काचेवर उंच दिसतात, दुसरीतले बहुतेक अन्नालाच चिकटलेले. कोशाची जागा आहारावरून ठरते का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : आहाराचा संबंध आहे, पण यीस्टला सगळं श्रेय देण्याआधी बाटली जरा तिरकी करून पाहा. अन्न हलतंय का?

पूर्ण वाढलेली अळी खाणं सोडून भटकते, जागा धरते आणि लाळग्रंथींतल्या चिकट स्रावाने स्वतःला तिथे डकवून घेते. २५ अंश सेल्सियसला पुढचे सुमारे ४ दिवस तिला हलता येत नाही. जागा ओली निघाली तर कोश बुडतो, फार कोरडी असेल तर सुकतो. म्हणून पातळ अन्नावरून अळ्या सहसा वर चढतात, घट्ट अन्नावर जवळच थांबतात.

यीस्ट म्हणजे मुख्यतः प्रथिनं. ती भरपूर असली की अळ्या लवकर वाढतात आणि जास्त संख्येने जगतात. मग त्या अन्न खणून त्याचा राडा करतात, त्यात त्यांच्याच विष्ठेतला अमोनिया साचतो. गर्दी वाढली की कोशही वर सरकतात. थोडक्यात, तुम्ही बदललं यीस्ट, पण त्याबरोबर ओलावा आणि गर्दीही बदलली असणार.

तेव्हा दोन्ही आहार घट्ट आणि पातळ अशा दोन्ही रूपांत करा. चारही गटांत अंडी मोजून सारखी घाला, बाटलीच्या तोंडाचे कापसाचे बोळेही सारखेच लावा. माश्या एकाच वाणाच्या हव्यात, कारण आनुवंशिकतेचाही यात हात असतो : संशोधक मार्ला सोकोलोव्स्की यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की खाताना लांब फिरणाऱ्या अळ्या फळापासून दूर कोश करतात, बैठ्या अळ्या बहुधा फळावरच.

उंची अन्नाच्या पृष्ठभागापासून मोजा. अन्नावरच्या कोशांची उंची शून्य लिहा, ते गाळायचा मोह फार होतो (मी पाहिलेल्या कित्येक वह्यांत ते गायब असतात!) आणि सरासरी फुगते. माश्या बाहेर पडल्या तरी रिकामी टरफलं काचेला चिकटून राहतात, त्यामुळे घाई नाही. फक्त पुढच्या पिढीच्या अळ्या चढायला लागण्याआधी मोजणी उरका.