गाडीची नाडी: वास गोड, कार्पेट ओलं

प्रश्न: नमस्कार सर, माझी २००५ची पेट्रोल हॅचबॅक आहे, वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायची नाहीये. या पावसात ब्लोअर लावला की गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं बसतं आणि पुसलं की अजूनच पसरतं. शेजारच्या सीटसमोरचं कार्पेट पण ओलं असतं. मेकॅनिक म्हणतो हीटर कॉइल गेली, दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकू, आपल्याकडे हीटर लागतो कुणाला. डॅशबोर्ड खोलायचा तर मजुरी भरपूर सांगतोय. काय करू?
– एक वाचक, वाई

उत्तर: वाईत राहून, पावसाळ्यात पसरणी घाट चढून, हीटर लागतो कुणाला हे तुम्ही ऐकून घेतलंत!

आधी खात्री करा. एसीचा ड्रेन पाइप तुंबला तरी पाणी तिथेच येतं. कार्पेटवर पांढरा टिश्यू दाबा, साधं पाणी आलं तर ड्रेन साफ करून विषय संपला, पण हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागलं तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. तुमच्या वासावरून आणि चिकट काचेवरून मला कूलंटच वाटतंय. गाडी थंड असताना रोज कूलंटच्या टाकीची लेव्हल बघा, उतरत असेल तर शंकाच नको. चव बिव घेऊ नका, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात, तेव्हा सांडलेलं लगेच धुवा.

आता बायपास, म्हणजे मेकॅनिक म्हणतो तसं कॉइल वगळून दोन्ही पाइप एकमेकांना जोडणं. घरी पोचायला, पगार होईपर्यंत, चालेल. फक्त पाइप जोडायचे, बूच मारून बंद नाही करायचे, काही इंजिनांत कूलंट त्या वाटेने फिरत राहावं लागतं. पण कायमचं करू नका. एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर तीच कोरडी हवा गरम करून काचेवर सोडतो, दोन्ही एकदम लावले की धुकं पटकन जातं. नुसता गार एसी काचेवर मारला तर काच थंड पडून बाहेरून धुकं धरते. शिवाय हीटर कॉइल म्हणजे छोटा रेडिएटरच, घाटात टेंपरेचरचा काटा वर जायला लागला तर हीटर फुल करून इंजिनची थोडी उष्णता काढता येते, बायपास केला की ती सोय पण गेली.

लीक बंद करणारी बाटली कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा, कॉइलच्या बारीक नळ्या त्यानेच चोक होतात. पूर्वीच्या तांब्या-पितळेच्या कॉइलला रेडिएटरवाला डाग देऊ शकायचा, अॅल्युमिनियमच्या असतील तर सरळ नवीन बसवा. खरा खर्च मजुरीचा, म्हणून एकदा डॅशबोर्ड निघालाच आहे तर दोन्ही पाइप, क्लॅम्प, ओ-रिंग नवीन घाला, एसीची कूलिंग कॉइल आणि ड्रेन साफ करून घ्या, गार-गरम हवा वळवणाऱ्या आतल्या फ्लॅपचा (झडपेचा) स्पंज झडला असेल तर तोही नवा लावा. एसीच्या लाइन सोडवाव्या लागल्या तर गॅस मशीनने काढून घ्यायला सांगा, हवेत सोडू देऊ नका. आणि डॅशबोर्ड परत लावायच्या आधी इंजिन गरम करून जोड बघायचे, हे उभं राहून करून घ्या!

कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं, रेडी-मिक्स असेल तर पाणी अजिबात नको. बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या कूलंटमधला गंजरोधक संपलेला असतो, बहुतेक कॉइल अशाच मरतात. भरताना हीटरचं बटण फुल गरमवर, गाडीचं नाक चढाला, फॅन लागेपर्यंत इंजिन चालू, हवा निघत जाईल तशी लेव्हल भरत राहा.

प्रश्न: आमच्याकडे शिकागोत जुन्या सेडानचा हीटर सिग्नलला थंड हवा देतो, गाडी पळायला लागली की गरम. कॉइल बदलू का?
– एक वाचक

उत्तर: लगेच नको. आधी गार इंजिनवर कूलंटची लेव्हल बघा, कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर अगदी असंच होतं, वॉटर पंप थकला तरी होतं. मग इंजिन तापल्यावर, पंख्यापासून हात लांब ठेवून, फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीत) जाणारे हीटरचे दोन्ही पाइप सांभाळून चाचपा. एक कडक गरम आणि दुसरा कोमट, म्हणजे कॉइल चोक असण्याची शक्यता जास्त, इंजिन गार झाल्यावर पाइप सोडवून बागेच्या पाइपने हलक्या प्रेशरने उलट्या दिशेने पाणी सोडून बघा, कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर जुनी कॉइल फाटेल. दोन्ही कडक असूनही हवा थंडच, तर बिघाड आतल्या फ्लॅपमध्ये शोधा.