परसात एका वेळी दोन मुळे, तीन वांगी, मूठभर तांबडी भाजी (लाल माठ). एवढ्यात सहाजणांचं काय रांधायचं?

ताई, खतखतं करा, म्हणजे डाळ-नारळाच्या वाटणातली मिसळ भाज्यांची दाट आमटी. तुम्ही लिहिलंय की पाऊस गेल्यावर पाच-सहा प्रकार लावले, पण कुठलीच भाजी एका वेळी घराला पुरेल इतकी निघत नाही. आमच्या गोव्यात फोंड्याकडेही कार्तिकात परसाची हीच तऱ्हा. तुळशीच्या लग्नाला खतखतं होतंच, पण मी सणाची वाट बघत नाही. चार प्रकार जमले की टोप चढवते.

अर्धी वाटी तूरडाळ आधी मऊ शिजवून ठेवा. भाज्या सगळ्या मिळून पाऊण किलो: सुरण, मुळा, लाल भोपळा, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, मक्याच्या कणसाचे तुकडे. परसात नाही ते बाजारातून थोडं आणा. मात्र सगळं एकदम घालू नका, खतखतं बिघडतं ते तिथेच. आधी सुरण आणि कणीस, ते अर्धवट शिजल्यावर मुळा, केळं, शेंग, आणि भोपळा अगदी शेवटी, नाहीतर त्याचा लगदा होतो. मग डाळ, आणि अर्ध्या नारळाचं खोबरं, सहा-सात सुक्या मिरच्या, हळद यांचं बारीक वाटण. लिंबाएवढा गूळ. आमसुलं भाज्या शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर फोडी कितीही उकळा, आतून कडक राहतात. सुरण खाजरा असेल तर चिरून चिंचेच्या पाण्यात ठेवा नि धुऊन घ्या.

आता तिरफळं, म्हणजे कोकण-गोव्याकडची मिरीसारखी वासाची सुकी फळं, त्यांच्याशिवाय हे खतखतं नव्हेच. आठ-दहा घ्या, काळी बी काढून टाका, साली जराशा ठेचून कोमट पाण्यात घाला. उतरवताना ते पाणी सालींसकट ओता आणि लगेच झाकण ठेवा. वास आतच राहायला हवा.

तांबडी भाजी यात नको, सगळ्याला रंग लागतो. दाट उगवलेली रोपं विरळ करताना जी उपटाल, तीच सर्वांत कोवळी. कांदा आणि हिरवी मिरची खोबरेल तेलावर परतून ती चिरून घाला. पाणी नको, झाकणही नको. वर ओलं खोबरं. मुळ्याचा पालाही असाच, टाकू नका. वांग्यांची मीठ-तिखट लावून रव्यात घोळवलेली कापं.

खतखतं दुसऱ्या दिवशी दाट होतं आणि जास्त चांगलं लागतं. गरम करताना थोडं कढत पाणी घाला.