पाणी ओतणारी मुलगी लिहायला कधी लागेल?

बालशिक्षण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची असून जूनपासून घोडबंदर रस्त्यावरील एका मॉन्टेसरी बालवर्गात जाते. सहा महिने होत आले, तरी तिच्या दप्तरातून वही येत नाही की गृहपाठ येत नाही. आज काय केलेस असे विचारले, की 'पाणी ओतले', 'टेबल धुतले', 'बटणे लावली' एवढेच ती सांगते. आमच्या सोसायटीतील तिच्याच वयाची मुले एबीसीडी आणि शंभरपर्यंतचे आकडे लिहितात. सासूबाई विचारतात, एवढी फी भरून घरातलीच कामे शिकवायची का? त्यांना काय सांगू?
– एक आई, ठाणे (पश्चिम)

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे आणि तो नवाही नाही. मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंनी 1907 साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालघर उघडले, तेव्हा तिथल्या निरक्षर आयांनीही आमच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवा, असाच आग्रह धरला होता. मॉन्टेसरीबाईंनी तो मानला, परंतु पाटी-पेन्सिल पुढे न ठेवता त्यांनी लिहिण्याआधी हाताला काय काय यावे लागते याचा विचार केला. आपली मुलगी आज जे करते आहे ते त्या विचारातूनच आलेले आहे.

पाणी ओतण्याचे काम एकदा जवळून पाहावे. तबकात दोन छोटे काचेचे चंबू असतात. मूल ते तबक दोन्ही हातांनी तोलून टेबलापर्यंत आणते, डावीकडच्या चंबूतले पाणी उजवीकडच्या चंबूत ओतते, सांडलेले थेंब स्पंजाने टिपते आणि तबक पुन्हा जागेवर ठेवते. यात मनगट कह्यात येते, डावीकडून उजवीकडे जाण्याची सवय लागते, एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या लक्षात राहतात आणि चूक झाली हे कोणी न सांगता सांडलेल्या पाण्यावरूनच कळते. काच फुटू शकते हे माहीत असल्यामुळे मूल ती जपून उचलते. म्हणूनच तिथे प्लास्टिक ठेवत नाहीत.

याच सुमारास तिच्या हाती लाकडी ठोकळे आले असतील. असे चार ठोकळे असतात. प्रत्येकात दहा खाचा आणि त्यांत नेमकी बसणारी दहा नळकांडी. प्रत्येक नळकांड्याला लहानशी मूठ असते आणि ती अंगठा, तर्जनी व मधले बोट यांनीच धरावी लागते. पेन्सिलही याच तीन बोटांनी धरायची असते. त्यानंतर खरखरीत कागदाची अक्षरे येतात. फळीवर चिकटवलेल्या 'म'वरून मूल दोन बोटे लिहिण्याच्या दिशेने फिरवते आणि त्याच वेळी 'म'चा उच्चार करते, त्यामुळे डोळा, कान आणि बोट यांची सांगड तिथल्या तिथे पडते. ताई तीन टप्प्यांनी शिकवतात : 'हा म, हा स', मग 'म कोणता, दाखव बरं', आणि अगदी शेवटी 'हे कोणते अक्षर?' तिसऱ्या टप्प्यावर मूल अडले, तर न रागावता काम तिथेच थांबवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

पुढे सुट्या अक्षरांची पेटी मिळते आणि हाताने लिहिता येण्यापूर्वीच मूल चटईवर 'बस', 'मगर', 'नळ' असे शब्द जुळवू लागते. आपल्या लिपीत इथे एक खास अडचण येते. 'कि' म्हणताना कानाला क आधी ऐकू येतो, पण पहिली वेलांटी मात्र क-च्या डावीकडे मांडावी लागते. म्हणून जाणत्या ताई आधी बिनकान्यामात्रांचे शब्द देतात, मग काना, आणि वेलांटी बऱ्याच उशिरा. इतकी तयारी झालेले मूल साधारण चार-पाच वर्षांच्या दरम्यान आपण होऊन लिहू लागते. साडेतीन वर्षांच्या हाताकडून शंभर आकडे लिहून घेता येतात हे खरे, पण त्या मुलाला सत्तर वस्तू मोजून देता येतात का, हेही एकदा पाहावे.

एक गोष्ट मात्र जरूर तपासावी. सहा महिन्यांत मुलीला नवे साहित्य दाखवलेच गेले नसेल आणि ती रोज तेच काम नुसते चाळत असेल, तर ताईंना तसे स्पष्ट विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. चांगल्या ताई प्रत्येक मुलाची नोंद ठेवतात आणि ती दाखवतातही. शक्य असल्यास सासूबाईंना बरोबर नेऊन अर्धा तास वर्गाच्या कोपऱ्यात शांत बसण्याची परवानगी मागावी. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांना त्याचा अधिक उपयोग होईल.

प्रश्न : माझा नातू पाच वर्षांचा आहे. त्याच्या वर्गात तीन वर्षांची मुलेही असतात. लहानांमुळे तो मागे पडेल, म्हणून त्याला मोठ्या शाळेच्या सीनियर केजीत घालावे असे मुलगा म्हणतो.
– एक आजोबा, नेरूळ

उत्तर : आजोबा, काही विशेष अडचण नसेल, तर हे एक वर्ष त्याला तिथेच राहू द्यावे. आधीची दोन वर्षे ज्यासाठी घालवली, ते तिसऱ्या वर्षी हाती लागते. या वयात मुले सोनेरी मण्यांनी खेळतात : एक सुटा मणी, दहा मण्यांची काडी, शंभर मण्यांचा चौरस आणि हजार मण्यांचा घन. हजाराचा घन दोन्ही हातांत उचलल्यावर एकक आणि सहस्र यांतला फरक वजनानेच समजतो, आणि मग दोघे-तिघे मिळून चार अंकी बेरीजही करतात. लहान मुलाला गुलाबी मनोरा दाखवताना, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या घनापासून एक सेंटिमीटरच्या घनापर्यंत दहा घन रचून दाखवताना, मोठ्याला स्वतःच्या कृतीचा क्रम नीट लावावा लागतो. त्यातून त्याचेही शिकणे पक्के होते. मात्र त्याला दिवसभर लहानांच्या मदतीलाच जुंपले जात नाही ना, हे पाहावे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचे वय सहा मानले आहे, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही.

प्रश्न : ऐरोलीत आमच्या घराजवळ 'मॉन्टेसरी' अशी पाटी असलेल्या अनेक शाळा आहेत. खरी कोणती, ते कसे ओळखावे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : पाटीवर हे नाव कोणालाही लावता येते, त्यामुळे वर्गच पाहावा. साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा उघड्या मांडणीवर आहे की कुलपातील कपाटात? सकाळी दोन-तीन तास मुलांना अखंड काम करू देतात की दर अर्ध्या तासाने घंटा होते? ताईंचे प्रशिक्षण कोठे आणि किती काळ झाले? या तीन प्रश्नांची उत्तरे पुरेशी बोलकी असतात. महागड्या आयात साहित्यावर फार भुलू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी खडे, बिया, पाने-फुले असे आसपासचे साहित्य वापरूनच बालशिक्षण उभे केले. वातानुकूलित वर्ग आणि भिंतीवरची कार्टून-चित्रे दाखवून प्रवेश घ्यायला लावणाऱ्या शाळेत जाल, तेव्हा आधी मांडणीवरचा एखादा ठोकळा उचलून पाहावा. तो वापरून गुळगुळीत झालेला असला, तर पुढची चौकशी करावी.