आइस हॉकीच्या ओएचएलमध्ये (ऑन्टारियोची ज्युनियर लीग) गेलेल्या रशियन मुलावर भारतातून लक्ष कसं ठेवायचं? त्याच्या पॉइंटांवरून तो एनएचएलला (सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगला) पोहोचेल हे कळतं का?

तुमचा मूळ प्रश्न मॅच कशा आणि कधी बघायच्या हा आहे, पण शेवटी तुम्ही विचारलंय की रशियन मुलं ज्युनियरमध्ये चमकतात आणि वर गेली की नेल याकुपोवसारखी ढेपाळतात, हे खरं का. आधी याचंच उत्तर देतो, कारण हे वाक्य ऐकून ऐकून मी वैतागलोय. नाही, खरं नाही. आणि असं बोलणाऱ्या बहुतेकांनी याकुपोवचे ज्युनियरमधले आकडे नीट वाचलेले नसतात.

जन्मतारीख शेजारी ठेवल्याशिवाय पॉइंट (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, यांची बेरीज) वाचायचेच नाहीत. एनएचएल ड्राफ्टसाठी (क्लब नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात तो) 15 सप्टेंबर ही रेघ आहे. त्या तारखेपर्यंत 18 पूर्ण झाली तर त्या वर्षीचा ड्राफ्ट, एक दिवस उशिरा जन्म झाला तर थेट पुढच्या वर्षीचा. याकुपोवचा जन्म 6 ऑक्टोबर 1993 चा. तीन आठवड्यांनी त्याचा 2011 चा ड्राफ्ट हुकला. 2010-11 मध्ये ओएचएलच्या सार्निया क्लबकडून त्याने 65 मॅचमध्ये 49 गोल आणि 101 पॉइंट केले, पुढे एनएचएलचा स्टार झालेल्या स्टीव्हन स्टॅमकोसचे क्लबमधले पहिल्या सीझनचे विक्रम मोडले, आणि तरी त्याला आणखी एक वर्ष थांबावं लागलं. 2011-12 मध्ये 42 मॅच, 31 गोल, 69 पॉइंट. मग 2012 मध्ये एनएचएलच्या एडमंटनने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं.

आता दुसरा रशियन, आंद्रेई स्वेच्निकोव. जन्म 26 मार्च 2000. 2017-18 मध्ये ओएचएलच्या बॅरी कोल्ट्सकडून 44 मॅच, 40 गोल, 72 पॉइंट. मध्ये हाताच्या दुखापतीमुळे तो बराच काळ बाहेर होता. दोघांचेही ड्राफ्टच्या वर्षातले मॅचमागचे पॉइंट काढा: याकुपोव 1.64, स्वेच्निकोव 1.64. अगदी सारखे. पण याकुपोवचा तो ओएचएलमधला दुसरा सीझन होता आणि तो जवळपास सहा महिन्यांनी मोठा होता. या वयात सहा महिने म्हणजे खांदे, पाय आणि पहिल्या तीन ढांगांतला वेग. दोघांचे ओएचएलमधले पहिले सीझन शेजारी ठेवले, म्हणजे याकुपोवचा 2010-11 चा आणि स्वेच्निकोवचा बॅरीचा, तर मॅचमागे गोल 0.75 आणि 0.91 येतात, पण त्या सीझनला याकुपोव जवळपास सहा महिन्यांनी लहान होता. नुसत्या पॉइंटांत न दिसणारा फरक असा दिसतो.

दुसरी गोष्ट शेजारी कोण खेळत होतं याची. 2010-11 मध्ये सार्नियात याकुपोवबरोबर अ‍ॅलेक्स गॅल्चेन्युक होता, जो 2012 च्याच ड्राफ्टमध्ये तिसरा गेला. पुढच्या सीझनला गॅल्चेन्युक गुडघ्याच्या दुखापतीमुळे साखळीतल्या फक्त 2 मॅच खेळू शकला. याकुपोवच्या दोन सीझनची तुलना करताना हे गाळलं तर हिशेबच चुकतो.

आणि ढेपाळला म्हणजे काय? एनएचएलच्या 2012-13 च्या छोट्या सीझनमध्ये याकुपोवने 48 मॅचमध्ये 17 गोल केले होते. एडमंटनमध्ये त्याच्या चार सीझनमध्ये चार मुख्य कोच झाले. एनएचएलमधल्या एकूण 350 मॅचमध्ये 136 पॉइंट हे पहिल्या क्रमांकाला साजेसे नाहीत, मान्य. पण पक (आइस हॉकीतली रबरी चकती) जवळ नसताना कुठे उभं राहायचं ही त्याची उणीव ज्युनियरच्या व्हिडिओतही दिसत होती. ती एका मुलाच्या खेळाची उणीव आहे, पासपोर्टची नाही. स्वेच्निकोव 18 व्या वर्षी थेट कॅरोलिनाकडून सगळ्या 82 मॅच खेळला आणि 20 गोल करून दाखवले. मिखाइल सेर्गाचोव विंडसरहून आला, टॅम्पाबरोबर 2020 आणि 2021 चे स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला. यांची नावं त्या वादात कुणी घेत नाही.

आता तुम्हाला करायचं काय. एक वही किंवा शीट ठेवा आणि प्रत्येक मॅचच्या अधिकृत बॉक्स स्कोअरमधून चारच गोष्टी लिहा: शॉट, पाच विरुद्ध पाच असतानाचे पॉइंट, पॉवर प्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) पॉइंट, आणि असिस्ट पहिला की दुसरा. गोल करणाऱ्यानंतर कंसात जे पहिलं नाव येतं तो शेवटचा पास देणारा. दुसरे असिस्ट बऱ्याचदा नशिबाचे असतात. निम्म्याहून जास्त पॉइंट पॉवर प्लेवरचे असतील तर सावध राहा; चांगल्या संघाच्या पहिल्या पॉवर प्ले युनिटमध्ये नुसतं उभं राहूनही आकडा फुगतो. विंगर (कडेने खेळणारा फॉरवर्ड) असेल तर मॅचमागचे शॉट मला गोलांपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. गोल आटले आणि शॉट चारच्या आसपास टिकले तर काळजी नको. शॉटच दोनवर आले तर दुखापत किंवा खालची लाईन (एकत्र उतरणाऱ्या फॉरवर्डांची कमी खेळणारी तुकडी), दोन्हींपैकी एक शोधा.

पहिल्या 15 मॅचवरून मत बनवू नका. मोठा आंतरराष्ट्रीय रिंक 30 मीटरपर्यंत रुंद असतो, उत्तर अमेरिकेतला साधारण 26. बोर्डाजवळ पक मिळाल्यावर वर बघून विचार करायला जो वेळ घरी मिळायचा तो इथे नसतो, म्हणून सुरुवातीला पक हरवणं आणि आंधळे पास हे ठरलेलंच. डिसेंबरातही तेच चालू असेल तर मात्र प्रश्न आहे. स्वेच्निकोव बॅरीच्या आधी एक सीझन मस्कीगनला यूएसएचएल या अमेरिकेच्या ज्युनियर लीगमध्ये खेळला होता, म्हणून त्याला ही अडचण कमी आली. वरची तुलना वाचताना हेही धरा.

व्हिडिओ बघताना हायलाइट्स सोडा. एका गोलची आघाडी असताना शेवटची दोन मिनिटं बघा. कोच त्या मुलाला बर्फावर पाठवतो का? यातून जे कळतं ते कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

वेळेचं सोपं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत ऑन्टारियोतली संध्याकाळी 7 ची मॅच आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे 5:30 ला, उरलेल्या काळात 4:30 ला. दुपारी 2 ची असेल तर हिवाळ्यात आपल्या रात्री 12:30 ला. लीगच्या अधिकृत स्ट्रीमिंगवर आधी एकाच मॅचचे किंवा महिन्याचे पैसे भरून बघा, पूर्ण सीझनचे लगेच भरू नका. जानेवारीत ट्रेड होतात, आणि परदेशी खेळाडूंच्या जागा प्रत्येक क्लबला मोजक्याच असल्याने तुम्ही लक्ष ठेवलेला मुलगाही दुसऱ्या क्लबला जाऊ शकतो. निकिता कुचेरोव 2012-13 मध्ये क्यूबेकच्या ज्युनियर लीगमध्ये क्यूबेककडून 6 मॅच खेळून रूआं-नोरांडाला गेला होता. 20 वर्षांचा परदेशी खेळाडू तर दोन कोट्यांतली जागा खातो, एक परदेशीची आणि एक मोठ्या वयाची, त्यामुळे त्या वयात क्लब त्याला सहज सोडतात.

क्रमवारी बघाल तेव्हा एनएचएल सेंट्रल स्काउटिंगची (लीगचा ड्राफ्टसाठी खेळाडू पारखणारा विभाग) उत्तर अमेरिकेची यादी बघा, युरोपची नाही; मुलगा रशियन असला तरी ओएचएलमध्ये खेळतो म्हणून त्याचं नाव तिथेच येतं. जानेवारीत एकदा आणि एप्रिलच्या सुमारास अंतिम. 2022 पासून ज्युनियर विश्वस्पर्धेत रशियाचा संघ वर्षानुवर्षं नसल्यामुळे या मुलांना समवयस्कांशी तोलायची मोठी संधी गेली, म्हणून क्लबच्या मॅचना जास्तच वजन आलंय. 2022 आणि 2023 च्या इम्पोर्ट ड्राफ्टमध्ये (कॅनडाचे ज्युनियर क्लब परदेशी मुलं निवडतात तो) रशियन आणि बेलारूसी मुलांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे त्या वयोगटाची जुन्यांशी तुलना करताना नमुना लहान आहे हे ध्यानात ठेवा.

माझ्या म्हणण्याला एक अपवाद आहे. रशियन अलेक्झांडर रादुलोव 2005-06 मध्ये ज्युनियरमध्ये क्यूबेककडून 152 पॉइंट करून, मेमोरियल कप (कॅनडाच्या ज्युनियरचा किताब) जिंकून एनएचएलच्या नॅशव्हिलला गेला आणि 2008 मध्ये करार शिल्लक असताना रशियाला परतला. म्हणजे ज्युनियर इथे खेळला म्हणून मुलगा इथेच राहील अशी हमी मी देत नाही. पण ड्राफ्ट झालेल्याचे हक्क एनएचएल क्लबकडे ठरावीक काळच राहतात; कॅनडाच्या ज्युनियरमधून आलेल्यांसाठी बरीच वर्षं ही मुदत दोनच वर्षांची, दुसऱ्या वर्षीच्या 1 जूनपर्यंत, होती. त्यामुळे ड्राफ्ट झाला की त्याच्या मुदतीची तारीख शोधून लिहून ठेवा आणि करार कधी होतो ते बघा. तोवर झाला नाही आणि वय बसत असेल तर तो पुन्हा ड्राफ्टमध्ये जातो.

डिफेन्समन असेल तर वरचं शॉट-पॉइंटचं गणित निम्मंच लागू पडतं. रशियन डिफेन्समन इव्हान प्रोवोरोवने 2014-15 मध्ये पश्चिम कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या ब्रँडनकडून 60 मॅचमध्ये 61 पॉइंट केले होते, पण तो समोरच्या संघाच्या पहिल्या लाईनपुढे कसा टिकतो हेच बघण्यासारखं होतं. गोलकीपरबद्दल मी काही सांगणार नाही, ते गणितच वेगळं आहे.