इमाम कोण, की इमाम कशासाठी?

प्रश्न : सुन्नी आणि शिया हा भेद पैगंबरांचा वारस कोण, एवढ्यावरूनच पडला असे नेहमी वाचनात येते. इस्लाममधील आरंभीच्या विचारपंथांचा इमामतीविषयीचा, म्हणजे मुस्लिम समुदायाच्या नेतृत्वाविषयीचा वाद खरोखर एवढाच होता का?

उत्तर : वादाला तोंड फुटले ते वारसाच्या प्रश्नावरूनच. इ.स. 632 मध्ये पैगंबर मुहंमद यांचे निधन झाल्यावर मदिनेत सकीफा येथे जमलेल्यांनी पैगंबरांचे सहकारी अबू बक्र यांना वारस मानून त्यांच्याशी एकनिष्ठतेची शपथ घेतली, आणि पैगंबरांचे चुलतभाऊ व जावई अली यांचा हक्क मोठा मानणाऱ्यांना तो निर्णय पटला नाही. परंतु पुढे धर्मसिद्धांतांची तर्काने चिकित्सा करणारे पंडित या विषयाकडे वळले, तेव्हा इमाम मुळात कशासाठी हवा, हाच कळीचा मुद्दा ठरला, असे मला वाटते.

इमामी शियांच्या (बारा इमाम मानणाऱ्या मुख्य शिया पंथाच्या) मते इमाम हा धर्माचा अचूक अर्थ सांगणारा असल्यामुळे तो निष्पाप असलाच पाहिजे. आणि निष्पापपणा माणसांना बाहेरून ओळखता येत नसल्याने त्याची नेमणूक लोकांनी निवडून नव्हे, तर ईश्वरी आज्ञेने, आधीच्या इमामाच्या स्पष्ट निर्देशाद्वारेच होऊ शकते. हा युक्तिवाद मान्य असो वा नसो, त्याची बांधणी पक्की आहे. अली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मुआविया यांच्यातील सिफ्फीनच्या लढाईनंतर (657) तंटा लवादाकडे सोपवण्यास विरोध करून अलींपासून फुटलेले खारिजी मात्र इमामाकडे ईश्वरी कायद्याचा अंमलदार म्हणून पाहत. म्हणूनच तो पैगंबरांच्या कुरैश कुळातला असण्याची गरज त्यांना वाटत नव्हती आणि पाप करणाऱ्या इमामाला पदच्युत करणे त्यांना कर्तव्य वाटे.

सर्वांत सूक्ष्म चर्चा झाली ती सर्वश्रेष्ठ व्यक्ती हयात असताना तिच्याहून कमी योग्यतेच्या माणसाची इमामत वैध ठरते का, यावर. बगदादच्या मुतझिलींनी (तर्कबुद्धीला प्राधान्य देणाऱ्या पंथाने) आणि झैदी या शिया पंथाच्या एका मोठ्या गटाने अलींना श्रेष्ठ मानूनही अबू बक्र यांची निवड वैध धरली. श्रेष्ठत्व आणि अधिकार यांची अशी फारकत करण्यास मोठे बौद्धिक धैर्य लागते. बसऱ्याचा मुतझिली अल्-असम्म तर म्हणे की, लोक परस्परांवर अन्याय करीनासे झाले तर इमामाची गरजच उरणार नाही.

सुन्नी मत लोकमान्य निवड आणि कुरैश कुळ या अटींवर स्थिरावले. मात्र धर्ममत ठरवण्याचा अधिकार खलिफाला आहे का, याची कसोटी 833 मध्ये लागली. कुरआन अनादी नसून ईश्वराने निर्माण केलेला आहे, हे मत खलिफा मामून याने विद्वानांवर लादू पाहिले. धर्मपंडित अहमद इब्न हंबल यांनी तुरुंगवास पत्करला, पण ते मान्य केले नाही. खलिफा मुतवक्किल याच्या काळात ही सक्ती संपली, आणि सुन्नी परंपरेत धर्माचा अर्थ सांगण्याचा मान उलेमांकडेच, म्हणजे धर्मपंडितांकडेच राहिला.